घराण्याचा फाटा आणि लिनक्सचा फाटा

आमचे ग्वाल्हेर ख्यालगायकीची गंगोत्री मानले जाते. येथे नत्थन पीरबक्षांपाशी शिकून घग्गे खुदाबक्ष आग्र्यास परतले, असे परंपरा सांगते. ध्रुपदाची नोमतोम जपणाऱ्या त्या घराण्यात ख्याल रुजला खरा, पण त्याचा बाज निराळा झाला. पुढे ग्वाल्हेरात कोण काय गातो याची दरसाल चौकशी करण्याचे आग्रेवाल्यांना कारण उरले नाही. श्रोते हो, संगणकाच्या व्यवस्थेला असा फाटा फुटतो, तेव्हा मात्र ही मोकळीक मिळत नाही.

यंत्राकडून काम करवून घेणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. तोच लिनक्स. पुढील वर्षी त्याला असा परवाना लाभला की, कोणीही तो घ्यावा, बदलावा. मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास देताना तिची संहिताही द्यावी. एक बारकावा येथे पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. संहिता खुली करणे निराळे आणि मूळ प्रकल्पाने ती आपली म्हणून स्वीकारणे निराळे.

अँड्रॉइडचेच पाहा. त्याचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. टेबलावरील संगणकाला विजेची ददात नसते. खिशातील फोनला बॅटरी जपावी लागते. म्हणून गूगलच्या अभियंत्यांनी लिनक्सच्या गाभ्यात 'वेकलॉक' नावाची सोय घातली. फोनने संधी मिळताच निद्रिस्त व्हावे आणि एखाद्या कामाने अडवून धरले तरच जागे राहावे, अशी ती योजना. लिनक्सच्या राखणदारांना ही रीत पटली नाही. अँड्रॉइडचे जे भाग चाचणीसाठी म्हणून घेतले होते, तेही कोणी निगा राखीना म्हणून फेब्रुवारी २०१० च्या आवृत्तीतून गळाले. यात कोणी हटवादी होते असे मला वाटत नाही. एकाला फोन लवकर विकायचा होता, दुसऱ्याला वर्षानुवर्षे टिकणारी इमारत सांभाळायची होती. अखेर मार्च २०१२ मध्ये पुष्कळसे भाग परत आले. जुलैत जागरणाची सोयही आली, पण ती राखणदारांच्या पद्धतीने.

मूळ गाभा दर दोन-तीन महिन्यांनी नवा होतो. फाट्यावरच्यांना आपले बदल त्यावर पुन्हा बेतावे लागतात. त्यावर चिप बनवणारा आपला थर चढवतो, फोन बनवणारा आपला. म्हणून लिनक्समध्ये सुरक्षिततेचे एखादे छिद्र बुजले, तरी जुन्या फोनपर्यंत ती दुरुस्ती पुष्कळदा पोचतच नाही. फोन धडधाकट असतो, पण त्याची राखण संपलेली असते. गरिबाघरच्या मुलाच्या हाती बहुधा असाच फोन येतो.

आपल्याकडे सी-डॅकने २००७ साली 'बॉस' ही प्रणाली काढली. १९९३ पासून स्वयंसेवकांनी वाढवलेल्या 'डेबियन'वर ती बेतली आहे. भारतीय लिप्यांची सोय आणि शाळांसाठी स्वतंत्र आवृत्ती ही तिची वैशिष्ट्ये. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते आणि बॉसला तिच्यामागून चालावे लागते. देवनागरी जोडाक्षराची एखादी दुरुस्ती फाट्यापुरतीच राहिली, तर दर खेपेस ती नव्याने बसवणे आले. तीच मूळ प्रकल्पात स्वीकारली गेली, तर काठमांडूत नेपाळी लिहिणाऱ्याच्या संगणकावरही आपसूक उमटते.