दिनविशेष, २६ डिसेंबर : डॉ. सुशीला नायर

गांधीजींच्या डॉक्टर, एवढीच सुशीला नायर यांची ओळख सांगितली जाते. ती अपुरी आहे.

जन्म १९१४चा, आजच्या पाकिस्तानातल्या कुंजाह गावचा. वैद्यकीय शिक्षण दिल्लीच्या लेडी हार्डिंजमध्ये. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधी-कस्तुरबांबरोबर त्याही स्थानबद्ध होत्या. कस्तुरबांच्या निधनानंतर सेवाग्रामात त्यांनी बायामुलांसाठी छोटा दवाखाना सुरू केला. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास, १९६२ ते १९६७ केंद्रात आरोग्यमंत्रिपद. नंतर त्या दिल्लीतच रमल्या असत्या तरी कुणी बोल लावला नसता.

पण १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी सेवाग्रामात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. नव्या विद्यार्थ्यांनी आधी आश्रमात राहायचे, मग दत्तक गावात शिबिराला जायचे, अंगावर खादी. संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयाची आरोग्यविमा योजना तर खास इथल्या मातीतली : हप्ता रोख नाही, सुगीला ज्वारीच्या रूपात आणि तोही ऐपतीप्रमाणे. शहरातल्या नोकरदारालाही आरोग्यविमा नवखा होता, तेव्हाची ही गोष्ट.

३ जानेवारी २००१ रोजी सेवाग्रामातच त्यांचे निधन झाले.