न आलेल्या आजाराचा पुरावा

ताप उतरला की औषध लागू पडले, असे आपण म्हणतो. पण आजार आलाच नाही, तर त्याचे श्रेय औषधाला द्यायचे की योगायोगाला? उन्माद आणि खिन्नता यांच्या फेऱ्या ज्यात येतात, त्या बायपोलर विकाराच्या संदर्भात हा प्रश्न १९६०च्या दशकात युरोपातील मानसोपचारात ऐरणीवर आला. वादाच्या मध्यभागी होते लिथियम हे साधे क्षार-द्रव्य.

१९४९ साली मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील डॉ. जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रुग्ण शांत झाले होते. मात्र त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खाणारे काही हृदयरोगी दगावले. खुद्द केड यांचा पहिला रुग्णही १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने गेला. गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे होते. रक्तातील प्रमाण मोजत राहिले, तरच हे औषध हाताळता येणार होते.

ते काम डेन्मार्कमध्ये पुढे गेले. तिथले मोगेन्स स्काउ यांनी १९५४ मध्ये उन्मादावरील लिथियमच्या गुणाची पद्धतशीर चाचणी प्रसिद्ध केली. पुढे त्यांचे सहकारी पाउल बास्ट्रुप यांच्या ध्यानात आले की बरे झाल्यावरही जे रुग्ण लिथियम घेत राहतात, त्यांचे दुखणे सहसा उलटत नाही. दोघांनी ८८ स्त्रियांच्या नोंदी तपासून १९६७ साली निष्कर्ष मांडला : पूर्वी सरासरी दर आठ महिन्यांनी येणारा झटका आता कित्येक वर्षांनी येत होता. स्काउ यांच्यासाठी हा प्रश्न घरचाही होता. त्यांच्या भावाला वर्षानुवर्षे येणारे खिन्नतेचे झटके लिथियमने आटोक्यात आले होते.

लंडनचे बॅरी ब्लॅकवेल आणि मायकेल शेफर्ड यांनी १९६८ मध्ये 'लॅन्सेट'मधून यावर टीका केली. प्रतिबंधक लिथियम ही वैद्यकातील आणखी एक दंतकथा तर नव्हे, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला. आक्षेप पोकळ नव्हता. झटके वारंवार येत असतानाच रुग्ण निवडले, तर पुढे आपोआपच काही काळ शांततेचा येऊ शकतो. शिवाय कोणाला काय दिले हे डॉक्टरांनाही ठाऊक होते आणि रुग्णालाही.

आता डेन्मार्कच्या डॉक्टरांपुढे खरा पेच उभा राहिला. निःसंदिग्ध पुरावा हवा, तर बऱ्या असलेल्या काही रुग्णांचे औषध काढून घ्यावे लागणार होते. या आजारात झटका म्हणजे नोकरी, संसार, प्रसंगी जीवही पणाला लागणे. तरी अखेर चाचणी झाली. किमान वर्षभर लिथियम घेत असलेल्या ८४ जणींपैकी ४५ जणींचे औषध चालू राहिले, तर ३९ जणींना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी मिळाली. कोणाला काय मिळते हे त्यांना ठाऊक नव्हते. पाच महिन्यांत या ३९ पैकी २१ जणींचा आजार उलटला. लिथियम चालू असलेल्या ४५ पैकी एकीचाही नाही. १९७० मध्ये हे आकडे 'लॅन्सेट'मध्येच छापून आले आणि प्रतिबंधाचा मुद्दा बहुतेकांच्या लेखी निकालात निघाला.

शेफर्ड यांनी पुरावा मागितला म्हणून लिथियमचे स्थान पक्के झाले, हे मान्यच करायला हवे. पण त्या पुराव्याची किंमत त्या २१ जणींनी मोजली, आणि वैद्यकाच्या इतिहासात त्यांची नावे नाहीत.

आजही रक्ताची, मूत्रपिंडाची आणि थायरॉइडची तपासणी नियमित केल्याशिवाय लिथियम दीर्घकाळ देता येत नाही. आणि 'बरं वाटतंय, मग गोळी कशाला?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातोच. तो विचारण्यात गैर काही नाही. मात्र त्याचे उत्तर डॉक्टरांच्या समोर बसून शोधावे, गोळी परस्पर बंद करून नव्हे. तसे करून पाहिल्यावर काय होते, ते १९७०च्या आकड्यांत नोंदलेले आहे.