शेंडा खुडताना

सकाळी आठला तुम्ही निपाणीजवळच्या एका शिवारात उभे आहात. तंबाखू कमरेला लागलीये. बायकांची टोळी सऱ्यांत शिरलेली. पुढची बाई गुलाबी कळ्यांचा शेंडा चिमटीत धरते, कट्‌कन मोडते आणि तुमच्याकडे बघून हसते.

"तुमीबी मोडा की, दादा. पर फुटवं इसरू नगासा. शेंडा गेला का बगला फुटत्यात."

तुम्ही मोडता. बोटांना चिकटा लागतो आणि थोड्या वेळात काळा पडतो. बाईचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खोडातून खाली उतरत राहतं आणि प्रत्येक पानाच्या बगलेतला डोळा त्याच्या धाकानं निजलेला असतो. शेंडा गेला की धाक गेला. मग ते फुटवे वेळीच खुडले नाहीत, तर पानात उतरायचा कस तेच खातात.

आता डोळे मिटा. मागं जायचंय.

1981. जवळचाच महामार्ग. तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसलेत, शेतकरी नेते शरद जोशींचं आंदोलन. एप्रिलात इथं गोळीबार झाला. ही जागा घाईनं ओलांडू नये, पण आजची वाट पेशीची आहे.

1965, अमेरिकेतलं विस्कॉन्सिन विद्यापीठ. विमला वासिल यांच्या सूक्ष्मदर्शकाला तुम्ही डोळा लावता. द्रवाच्या थेंबात संकरित तंबाखूची एकच पेशी, शेजारीपाजारी कोणी नाही. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार. पुढं गोळा, गोळ्याला कोंब, मुळं आणि शेवटी अख्खं झाड. एका पेशीत पुरं झाड असू शकतं, असं वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांटनं 1902 मध्येच म्हटलं होतं; दाखवायला साठ वर्षं गेली. पानाच्या पेशीतही मुळाची नि फुलाची माहिती असते, फक्त पान व्हायला लागते तेवढीच ती वापरते.

1760, युरोप. वनस्पतिशास्त्रज्ञ योझेफ कोलरॉयटर कुंचल्यानं एका जातीच्या तंबाखूचे परागकण दुसऱ्या जातीच्या फुलावर ठेवतो. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचा जन्मही अजून व्हायचाय. संकराची रोपं दोन्ही आईबापांच्या अधलीमधली निघतात, फुलतात झकास, पण बी धरत नाहीत. त्यानं त्यांना खेचरच ठरवलं.

1604 च्या सुमाराला विजापुरात क्षणभर थांबा. निपाणी-बेळगावचा मुलूख तेव्हा आदिलशाहीतच. अकबराचा वकील असद बेग इथं तंबाखू पाहतो आणि नवलाची वस्तू म्हणून बरोबर नेतो. पोर्तुगीजांनी आणलेलं हे झाड मूळचं कुठलं, ते बघायला आणखी मागं चला.

काही लाख वर्षांपूर्वी, अँडीज पर्वताचा उतार. निकोशियाना सिल्व्हेस्ट्रिस या रानटी जातीच्या पांढऱ्या फुलावर टोमेंटोसिफॉर्मिस या दुसऱ्या जातीचे परागकण पडतात. एकाकडून 12 गुणसूत्रं, दुसऱ्याकडून 12. परागकण किंवा बीजांड तयार होताना प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार लागतो. इथं दोन घरची गुणसूत्रं एकमेकांना ओळखत नाहीत. कोलरॉयटरच्या खेचराचं दुखणंही जोडीदार न मिळण्याचंच. पण या वंशात गुणसूत्रांची संख्या चुकून दुप्पट होते. 24 ची 48, प्रत्येकाला स्वतःसारखाच जोडीदार. बी धरतं. हीच आपली तंबाखू. असल्या चुकीला चूक म्हणायला माझं मन धजत नाही.

डोळे उघडा. सरी अर्धी झालीये, तुमची बोटं काळी आहेत आणि टोळी बरीच पुढं गेलीये. बांधाकडची चार झाडं मात्र शेंड्यासकट तशीच उभी आहेत.

"ती नगा मोडू," बाई मागं वळून सांगते. "बियाची हैत."

त्या बियांतल्या दहा हजारांचं वजन जेमतेम एक ग्रॅम भरतं.