आजीला सांगायचं नाही!

आजचा विषय जरा जड आहे, पण ऐकाच.

२०१४ ची गोष्ट. मी बीटेकच्या पहिल्या वर्षाला होतो. आजीला तोंडाचा कॅन्सर निघाला. मलकापूरहून विदर्भ एक्स्प्रेसने तिला मुंबईला नेलं. घरात सगळ्यांना एकच ताकीद होती, आजीला सांगायचं नाही. "गाठ आहे, औषधाने बसेल," एवढंच सांगायचं.

मला वाटायचं, ही लपवाछपवी आपल्या गावाकडचीच. पण तसं नाहीये. १९६१ साली अमेरिकेत २१९ डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला होता. जवळपास ९० टक्के म्हणाले, पेशंटला कॅन्सर आहे हे आम्ही शक्यतो सांगत नाही. उपचार तोकडे होते, मग सांगून उमेद कशाला मोडायची? १९७९ मध्ये दुसऱ्या हॉस्पिटलात तेच विचारलं, तर ९७ टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत चित्र पार उलटलं!

आपल्याकडे टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ ला मुंबईत सुरू झालं. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या, त्यातून ही कल्पना पुढे आली. पुढे आमच्याकडे 'टाटाले नेलं' म्हटलं की समोरचा समजून जायचा. रोगाचं नाव कोणी घ्यायचंच नाही.

कायद्याचं काय? २००८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एक केस होती. एका बाईला भूल दिलेली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन मोठं ऑपरेशन केलं. कोर्ट म्हणालं, हे चालणार नाही. इमर्जन्सी नसेल तर पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबा, नीट समजावून सांगा आणि त्याचीच संमती घ्या.

आता आजीकडे येऊ. दादरला आम्ही गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत उतरलो होतो. आजूबाजूला सगळे कॅन्सरचेच पेशंट. आजी शाळेत गेली नव्हती, पण तिला दिसत होतं ना! परत आल्यावर ती म्हणायची, जळगाव जामोदच्या बहिणीला भेटायचंय. आम्ही म्हणायचो, बरी झालीस की जाऊ. ते जाणं राहूनच गेलं. शेवटी शेवटी ती मला म्हणाली, "मले तं तिथंच समजलं होतं रे. तुमाले वाईट वाटन म्हून बोलली नाही."

म्हणजे आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमच्यापासून. त्यात बहिणीची भेट गेली.

सगळ्यांनाच सगळं ऐकायचं असतं असंही नाही. पण घरात असा पेशंट असेल तर एकदा विचारा, "तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?" मग गप्प बसून ऐका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.