तिरळ्या डोळ्याचं ऑपरेशन आणि न थांबणारं रक्त

१८४० साली लंडनमध्ये एका ११ वर्षांच्या मुलाच्या तिरळ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळा एका बाजूला ओढणारा स्नायू कापून मोकळा करायचा, एवढंच. बर्लिनच्या डीफेनबाखने १८३९ मध्ये ते यशस्वी करून दाखवलं होतं आणि युरोपभर त्याची लाट आली होती. (ईथरची भूल १८४६ची. म्हणजे हे सगळं मूल जागं असताना!)

जखम छोटी, पण रक्त थांबेना. मुलगा पार गळून गेला. शेवटी सर्जन सॅम्युएल लेन यांनी दुसऱ्या माणसाचं ताजं रक्त त्याच्या शिरेत सोडलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावात रक्त देऊन पाहणाऱ्या जेम्स ब्लंडेल यांचा सल्ला त्यांना होता. मुलगा वाचला आणि केस ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली.

‘रक्त देऊन हिमोफिलियावर केलेला पहिला उपचार’ असं मी नोट्समध्ये लिहून ठेवलं होतं, कारण सगळीकडे तसंच सापडतं. सरांनी विचारलं, “कुठला हिमोफिलिया?” माझी बोलती बंद.

लेन यांच्या शीर्षकात हिमोफिलिया हा शब्दच नाही. ‘रक्तस्रावाची प्रवृत्ती’ एवढंच आहे. फॉन विलेब्रांड आजाराचं वर्णन १९२६ मधलं, हिमोफिलिया ‘बी’ वेगळा ओळखला गेला १९५२ मध्ये. रक्त दिल्यावर स्राव थांबला, यावरून निदान करता येईल का? नाही. ताज्या रक्तात घटक आठ, घटक नऊ, फॉन विलेब्रांड घटक, प्लेटलेट्स असं सगळंच असतं. रुग्ण मुलगा आहे, म्हणून हिमोफिलियाची शक्यता जास्त, इतकंच म्हणता येतं.

शीर्षकातला ‘यशस्वी’ हा शब्दही जपून वाचायचा. फसलेली केस कोण हौसेने छापेल? लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले त्याला अजून ६० वर्षं होती. रक्त जुळलं नसतं, तर मुलगा उपचारानेच दगावू शकला असता.

आज क्रम उलटा आहे. आधी घटकाची पातळी मोजतात, कमी असेल तो घटक देतात, मग चाकू. नंतरही काही दिवस लक्ष ठेवतात. डोळ्यामागे सुईने भूल देणं शक्यतो टाळतात, कारण तिथे रक्त साचलं तर दृष्टीच्या नसेवर दाब येतो.

नोट्समधली ओळ मी खोडली. आता तिथे लिहिलंय: ‘१८४०, लेन. रक्तस्रावाचा आजार, बहुधा हिमोफिलिया. प्रकार ठरवता येत नाही.’