घडवलेल्या वस्तूंचे असणे : एक प्रस्तावना

पलंग जमिनीत पुरला, त्याचे लाकूड कुजले आणि त्यातून कोंब फुटला, तर काय उगवेल? अँटिफॉनचे उत्तर होते : लाकूडच, पलंग नव्हे. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या या विचारवंताचा युक्तिवाद ॲरिस्टॉटलने ‘फिजिक्स’च्या दुसऱ्या भागात, पहिल्याच प्रकरणात नोंदवून ठेवला आहे. सुताराने दिलेली ठेवण लाकडावर बाहेरून येऊन बसते आणि निघूनही जाते. लाकूड मात्र सगळे बदल सोसून मागे उरते. म्हणून पलंगाचे खरे स्वरूप लाकडात आहे, पलंगपणात नाही, असा त्याचा रोख होता.

माणसाने घडवलेल्या वस्तूंना ग्रीक तत्त्वज्ञांनी ‘असण्या’च्या व्यवस्थेत कोणती जागा दिली, हा या अभ्यासक्षेत्राचा विषय. प्रथमदर्शनी तो किरकोळ वाटतो. ईश्वर, आत्मा, विश्वाची रचना असे प्रश्न समोर असताना खुर्ची-पलंगाची चौकशी कशाला? पण मूळ ग्रंथ उघडले की वेगळेच चित्र दिसते. काही समजावून सांगायचे झाले की प्लेटो आणि ॲरिस्टॉटल हमखास घडवलेल्या वस्तूच हाती घेतात : ब्राँझचा पुतळा, विटांचे घर, कुऱ्हाड, करवत, विणकराचा धोटा. आणि खरोखर ‘आहे’ म्हणावे असे काय, याची मोजदाद सुरू झाली की याच वस्तूंना मागच्या रांगेत बसवले जाते. उदाहरणाला हव्यात, गणतीत नकोत. माझ्या मते ग्रीक सत्ताशास्त्राचे मर्म या ओढाताणीत सापडते, आणि म्हणूनच नव्या वाचकाने या बाजूने आत यावे असे मला मनापासून वाटते.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात तीन पलंग आहेत. एक ईश्वराने निर्मिलेला, पलंगाचा एकमेव आदर्श आकार. दुसरा सुताराचा, त्या आकाराकडे पाहून केलेला. तिसरा चित्रकाराचा, सुताराच्या पलंगाचा केवळ एका बाजूने दिसणारा भास. हा उतारा इतका प्रसिद्ध आहे की प्लेटोला घडवलेल्या वस्तूंचेही आदर्श आकार मान्य होते, असे आपण सहज धरून चालतो. मात्र त्याच्याच अकादमीत वीस वर्षे राहिलेला ॲरिस्टॉटल ‘मेटाफिजिक्स’च्या पहिल्या भागात म्हणतो की घर, अंगठी अशा गोष्टींचे आकार आहेत असे ‘आम्ही’ मानत नाही. हा ‘आम्ही’ अकादमीतल्या माणसाचा आहे. पुढे अकादमीचा प्रमुख झालेल्या झेनोक्रेटिसने तर आदर्श आकाराची व्याख्याच अशी केली की ती फक्त निसर्गतः घडणाऱ्या गोष्टींना लागू पडावी. प्रोक्लसने ती नोंदवली आहे.

मग पलंगाच्या आकाराचे झाले काय? काही अभ्यासक म्हणतात, तो चित्रकार आणि कवी यांच्यावरच्या टीकेपुरता, सोयीसाठी आणलेला होता. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण ‘क्रॅटिलस’मध्ये आहे. तिथे सॉक्रेटिस विचारतो : धोटा करता करता मोडला, तर सुतार नवा करताना कशाकडे पाहील? मोडलेल्या धोट्याकडे, की ज्याकडे पाहून तो मोडलेला धोटा करत होता त्याकडे? इथे चित्रकलेवर टीका नाही, कवींना नगराबाहेर घालवायचे नाही. प्रश्न सरळ कारागिराच्या नजरेचा आहे. शिवाय प्रत्येक कापडाला एकच धोटा चालत नाही, पातळ आणि जाड विणीला वेगवेगळा लागतो, हेही तिथे ध्यानात घेतले आहे. हे बारकावे सोयीपुरत्या उदाहरणात येत नाहीत. ‘टिमेअस’मध्ये विश्वाचा कर्ताच कारागीर आहे, शाश्वत नमुन्याकडे पाहून काम करणारा. जगाच्या मुळाशी कारागीर बसवणाऱ्या विचारवंताला सुताराच्या कामाचे वजन कळले नव्हते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

ॲरिस्टॉटल वाट बदलतो. निसर्गातल्या गोष्टींच्या ठायी हालचालीचे आणि थांबण्याचे मूळ स्वतःतच असते. पलंग किंवा अंगरखा यांच्या ठायी, ते पलंग किंवा अंगरखा आहेत म्हणून, असे काहीच नसते. पलंग खाली पडतो तो लाकडाचा आहे म्हणून. एखादा वैद्य स्वतःलाच बरे करील. पण वैद्यकी आणि रोगीपण एका माणसात एकत्र आले, हा केवळ योगायोग. घराच्या बाबतीत मात्र घडवणारा नेहमीच घराबाहेर असतो.

अँटिफॉनला त्याने दिलेले उत्तर मला फार चतुर वाटते. माणसापासून माणूस होतो, पलंगापासून पलंग होत नाही, हे तो कबूल करतो. पण यावरून ‘आकार म्हणजे निसर्ग नव्हे’ असा निष्कर्ष निघत नाही. उगवण्यात काय परत येते, ही अँटिफॉनची कसोटीच माणसाला लावली तर परत येतो तो माणसाचा आकार. म्हणजे ज्या युक्तिवादाने पलंगपणाला खाली ढकलले, त्यानेच सजीवांच्या आकाराला वर चढवले. पलंग हरतो, आकार जिंकतो.

आणि तरीही पलंगाचा किंवा घराचा प्रश्न सुटत नाही. ‘मेटाफिजिक्स’च्या सातव्या भागात ॲरिस्टॉटल म्हणतो की घराचा आकार गवंड्याच्या मनात असतो, म्हणून एका अर्थी घर घरापासूनच होते : विटादगडांचे घर विटादगडांविना असलेल्या घरापासून. आठव्या भागात घराची व्याख्या तपासताना तो म्हणतो, कोणी दगड, विटा, लाकूड सांगेल, तर ते घराचे उपादान झाले. कोणी माणसांना आणि मालमत्तेला आसरा सांगेल, तर तो घराचा आकार. कोणी दोन्ही मिळून सांगेल. घराला आकार आहे, प्रयोजन आहे, व्याख्या आहे. द्रव्य, म्हणजे खऱ्या अर्थाने ‘आहे’ अशी गोष्ट, म्हणवून घ्यायला आणखी काय हवे? नेमके इथे, पुढच्याच प्रकरणात, तो म्हणतो की घर किंवा भांडे ही कदाचित द्रव्येच नाहीत. निसर्गतः घडलेले तेवढेच द्रव्य.

या ‘कदाचित’वर आजचे अभ्यासक भांडतात. काहींच्या मते ॲरिस्टॉटल घडवलेल्या वस्तूंना द्रव्यांच्या यादीतून काढून टाकतो; काहींच्या मते त्या द्रव्येच, पण कमी दर्जाची; काही म्हणतात, ज्या ग्रंथात घराशिवाय एक पान उलटत नाही तिथे ती हकालपट्टी गांभीर्याने घेऊ नये. मी मधल्या मताकडे झुकतो. ‘आत्म्याविषयी’ या ग्रंथात तो म्हणतो, कुऱ्हाड नैसर्गिक शरीर असती तर कुऱ्हाडपण हाच तिचा आत्मा झाला असता. म्हणजे कुऱ्हाडीला सार आहे, पण ते आतून तिला चालवत नाही. तोडणारा हात बाहेरचा. असणे खरे, पण उसने. ‘कदाचित’ हा शब्द त्याने अनवधानाने टाकला असे मला वाटत नाही, आणि त्याच्या वतीने तो आपण खोडूही नये.

न्याय-वैशेषिक थोडेफार वाचलेल्या मराठी वाचकाला इथे घट-पट आठवतील. ती आठवण उपयोगाची आहे, पण जपून वापरावी. नैयायिकांना वस्त्र हा तंतूंहून वेगळा, तंतूंमध्ये समवायाने राहणारा खरा अवयवी आहे; तो कोणी विणला की आपोआप झाला, याने फरक पडत नाही. त्यांचा वाद अवयव आणि अवयवी यांचा, मुख्यतः बौद्धांशी. ‘मिलिंदपन्ह’मध्ये नागसेन ग्रीक वंशाच्या मिलिंद राजालाच दाखवून देतो की आस, चाके, दांडी यांपैकी काहीच रथ नाही आणि त्यांची बेरीजही रथ नाही. राजा ग्रीक, पण विचार बौद्ध. ॲरिस्टॉटलची रेषा दुसरीकडून जाते : बदलाचे मूळ आत की बाहेर.

अवयवांचा प्रश्न ग्रीकांकडे आला तो विशेषतः थिसियसच्या जहाजातून. प्लुटार्क सांगतो की तीस वल्ह्यांचे ते जहाज अथेन्सच्या लोकांनी फालेरॉनच्या डेमेट्रियसच्या काळापर्यंत, म्हणजे इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत, कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत जपले आणि ते तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञ वाद घालत. अथेन्सच्या समजुतीप्रमाणे हेच जहाज दरवर्षी डेलॉसला जाई. ते परत येईपर्यंत देहदंड देत नसत, म्हणून इसवी सनपूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसला तुरुंगात थांबावे लागले. स्टोइकांनी पुढे एकाच प्राणशक्तीने बांधलेले, नुसते एकमेकांना जोडलेले आणि सुटे असे पदार्थांचे प्रकार पाडले. जहाज आणि घर मधल्या प्रकारात, फौज शेवटच्यात. प्लॉटिनसने इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात शिल्पकार फिडियसच्या झ्यूसचा दाखला देऊन म्हटले की कलावंत डोळ्यांना दिसणाऱ्या कशाची नक्कल करत नाही. या टप्प्यांवर स्वतंत्रपणे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.

या सगळ्या चर्चेत कारागीर सतत आहे, पण त्याचे बोलणे फारसे ऐकू येत नाही. ते ऐकायला ग्रंथांबाहेर जावे लागते. व्हॅटिकनच्या संग्रहालयात एक्झेकियसची रांजणवजा सुरई आहे, साधारण इसवी सनपूर्व 540-530 ची. तिच्यावर अकिलीस आणि अजॅक्स भाले हातात धरून पटावर वाकले आहेत, आणि एक्झेकियसने आपल्याला घडवले आणि रंगवले, असे ती सुरई प्रथमपुरुषी सांगते. अशा लेखांवरून सत्ताशास्त्राचा सिद्धान्त निघत नाही. पण ॲरिस्टॉटलच्या दोनशे वर्षे आधीच्या ग्रीकांना भांड्याच्या तोंडी ‘मी’ घालणे खटकत नव्हते, हे तत्त्वज्ञांचे वाचन करताना ध्यानात ठेवावे.

सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले, तर मी ‘फिजिक्स’च्या दुसऱ्या भागाचे पहिले प्रकरण सांगेन. ते चार-पाच पानांचेच आहे. त्यानंतर ‘क्रॅटिलस’मधला धोटा, मग ‘रिपब्लिक’मधले तीन पलंग, आणि ‘मेटाफिजिक्स’चा आठवा भाग सर्वांत शेवटी. ग्रीक येत नसेल तरी अडू नका. दोन वेगवेगळी भाषांतरे शेजारी ठेवून वाचा, आणि जिथे ती एकमेकांशी जुळत नाहीत तिथे थांबा. तुमचा अभ्यास तिथूनच सुरू होईल.