जादूगाराचा गल्ला

डायना विन जोन्स (१९३४–२०११) यांनी ऑक्सफर्डला शिकताना टोल्किन यांची व्याख्याने ऐकली होती. टोल्किन यांचा जादूगार राज्यांचे भवितव्य घडवतो. त्याच्या मजुरीचा प्रश्न कधी निघत नाही. जोन्सबाईंच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (१९८६) या किशोर-कादंबरीत मात्र जादू हा पोटाचा धंदा आहे. हाउल एका गावात जेंकिन, दुसऱ्यात पेंड्रॅगन या नावाने मंत्र विकतो आणि पैसे उधळतो. म्हणून त्याचा शागीर्द मायकेल थोडी रक्कम चुलीपाशी लपवून ठेवतो.

इथवर हसू येते. मला अधिक मोलाची वाटते ती सोफी. वडिलांच्या पश्चात ती सावत्र आईच्या टोप्यांच्या दुकानात बिनपगारी राबते. एकटेपणात टोप्यांशी बोलते आणि तिचे बोल त्या घालणाऱ्यांच्या बाबतीत खरे ठरतात. हीही जादूच, पण तिची तिलाच खबर नसते. हाउलच्या मंत्राचे दाम हाउलला मिळते. सोफीच्या जादूचे दाम दुकानाच्या गल्ल्यात पडते. जादूगारांच्या इतिहासात अशा किती सोफींची नोंद ‘घरची कामसू मुलगी’ एवढीच राहिली असेल, हा प्रश्न ही विनोदी कादंबरी हसता हसता विचारून जाते.